एरर तर आला, पण चूक नेमकी कुठंय?

टाकी भरली की मोटर आपोआप बंद, अंधार पडला की अंगणातली लाइट चालू. अशी कामं करणारी सॉफ्टवेअर आता मोबाइलवरून कुणालाही वापरता येतात. बटण दाबणं सोपं आहे, अडचण येते ती नियम बसवताना. एक खूण चुकली की इंग्रजीत एरर येतो आणि माणूस तिथंच अडकतो. चूक वापरणाऱ्याची असेलही, पण ती समजेल अशी सांगणं हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं काम आहे.

होम असिस्टंट हे यातलं जगभर वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर. पॉलस स्काउटसन यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही ते चालतं. ते घरातच चालत असल्यानं नेट गेलं तरी बरीच कामं थांबत नाहीत.

शून्य शोधून सापडत नाही

यात नियम दोन प्रकारे बसवता येतो. एक तर पर्याय निवडत जायचं, नाहीतर 'यॅमल' पद्धतीनं लिहायचं. यॅमलमध्ये ओळीआधी किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. तिथं टॅब चालत नाही, स्पेसच लागते.

समजा, कुणी दुसऱ्याचा तयार नियम कॉपी करून एडिटरमध्ये टाकला. सेव्ह करताना मेसेज येतो, 'मेसेज मालफॉर्म्ड, एक्स्ट्रा कीज नॉट अलाउड' आणि पुढं 'डेटा झिरो'. आता शून्य शोधत बसा, लिहिलेल्यात ते कुठंच नसतं!

खरं कारण एवढंच, की कॉपी केलेल्या नियमाच्या सुरुवातीला एक छोटी आडवी रेघ असते. त्या रेघेचा अर्थ 'इथून यादी सुरू'. एडिटरला हवा होता एकच नियम, मिळाली यादी. कॉम्प्युटर मोजणी शून्यापासून करतो, म्हणून यादीतला पहिला नियम 'झिरो'. रेघ काढली आणि खालच्या ओळी दोन जागा डावीकडं घेतल्या की काम होतं.

हाच मेसेज असा असता तर? "तुम्ही नियमांची यादी टाकली आहे. इथं एकच नियम चालतो. पहिल्या ओळीतली रेघ काढा." कुणाला फोन करायची गरजच उरली नसती.

सकाळ चालते, रात्र अडते

दुसरी गंमत वेळेची. फाइलमध्ये ०६:३०:०० असं अवतरण चिन्हाशिवाय लिहिलं तर चालून जातं. २२:३०:०० लिहिलं की यॅमलच्या जुन्या पद्धतीत त्याचे सेकंद होतात, ८१०००. नियम नाकारला जातो आणि माणूस म्हणतो, सकाळचा चालला मग रात्रीचा का नाही? वेळ अवतरण चिन्हात लिहिली की प्रश्न मिटतो.

चांगला मेसेज कसा असावा?

- काय चुकलं ते साध्या भाषेत सांगावं.
- कुठं चुकलं ती ओळ दाखवावी.
- तिथं काय लिहायला हवं होतं, त्याचा नमुना द्यावा.
- तोवर टाइप केलेलं पुसू नये.

तोपर्यंत आपण काय करायचं?

एरर आला की घाईनं बंद करू नका, आधी स्क्रीनशॉट काढा. ओळीचा नंबर दिला असेल तर त्या ओळीसोबत वरचीही ओळ तपासा, कारण बऱ्याचदा चूक वरच असते. फाइल बदलली असेल तर रीस्टार्ट करण्याआधी 'चेक कॉन्फिगरेशन' बटण दाबा. फक्त, हे बटण लिहिण्यातली चूक पकडतं, विचारातली नाही. 'बंद'च्या जागी 'चालू' लिहिलं तर ते काहीच बोलणार नाही.

म्हणून नवा नियम आधी बल्बवर चालवून बघा. चार दिवस बिनचूक चालला, की मगच वायरमनकडून मोटर जोडून घ्या. बल्ब रात्रभर चालू राहिला तर थोडं बिल वाढेल. मोटर कोरडी चालली तर जळेल.