विडीचा धूर आणि रक्तांतील वाढलेलें हिमोग्लोबिन

खत घालण्यापूर्वी मातीची परीक्षा करवून घ्यावी, हें शेतकरी बंधूंस आतां नव्यानें सांगावयास नको. हल्लीं वाशी, नेरूळ, पनवेल या बाजूस रक्ताची परीक्षाही तितकीच सुलभ झाली आहे. तिचा कागद हातीं आला कीं पहिली नजर हिमोग्लोबिनच्या आंकड्यावर जाते. आंकडा कमी असला तर घरांत काळजी पडते. परंतु तो १८ च्या वर निघाला तर "रक्त भरपूर आहे" असें म्हणून कागद कपाटांत ठेवला जातो. ज्यास विडी-सिगारेटची संवय आहे त्याच्या बाबतींत हा समज घातक आहे. तो कां, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हिमोग्लोबिन हा रक्तांतील तांबड्या पेशींत असणारा लोहयुक्त पदार्थ होय. फुप्फुसांतून प्राणवायु उचलावा व तो सर्व अवयवांस पोंचवावा, हें त्याचें काम. प्रौढ पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तांत तें साधारणतः १३ ते १७ ग्रॅम व स्त्रीच्या रक्तांत १२ ते १५ ग्रॅम असतें; प्रयोगशाळेप्रमाणें थोडा फरक पडतो. आतां विडी जळतांना जो धूर निघतो त्यांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. हिमोग्लोबिनास चिकटण्याची त्याची शक्ति मात्र प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक आहे. न ओढणाऱ्याच्या रक्तांत या वायूनें अडविलेलें हिमोग्लोबिन शेंकडा एक-दोन भाग असतें. नेहमीं ओढणाऱ्याच्या रक्तांत तें शेंकडा पांच ते दहापर्यंत जातें.

आमची उमर महसुली दप्तरांत गेली, म्हणून दृष्टांतही तेथलाच सुचतो. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र मोठें दिसतें. परंतु पोटखराबा वजा केला व दुसऱ्याची वहिवाट असलेला तुकडा सोडला, म्हणजे नांगराखालीं किती येतें तें कळतें. १९७० सालानंतर ज्या ९५ गांवांच्या जमिनी या नव्या शहरासाठीं घेण्यांत आल्या, तेथील खातेदारांस कागदावरील क्षेत्र व ताब्यांतील क्षेत्र यांतला भेद आम्हीं समजावून सांगण्याचें कारण नाहीं. रक्ताच्या कागदावरील १८ हा आंकडा एकूण क्षेत्राचा आहे. त्यांतील कांहीं भागावर धुराची वहिवाट आहे, व जो भाग मोकळा राहिला तोही प्राणवायु अवयवांस लवकर सोडीत नाहीं.

ही तूट मूत्रपिंडांच्या ध्यानांत येते. तेथून एरिथ्रोपोएटिन नांवाचें द्रव्य अधिक सुटतें, आणि हाडांतील मज्जा जास्त तांबड्या पेशी तयार करूं लागते. लेहसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारें ३५०० मीटर उंचीवरील गांवीं हवा विरळ असते. तेथील मनुष्याचें हिमोग्लोबिन वाढावें हें समजण्यासारखें आहे. परंतु ठाण्याच्या खाडीच्या कांठीं प्राणवायूला काय तोटा? तरीही ओढणाऱ्याचें शरीर डोंगरावर राहिल्याप्रमाणें वागतें. शिवाय धूम्रपानानें रक्तांतील पातळ द्रवही कमी होतो, त्यामुळें आंकडा आणखी फुगतो. स्मिथ व लँडॉ या अमेरिकन डॉक्टरांनीं १९७८ सालीं या प्रकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें.

परिणाम काय, तर रक्त दाट होतें. हिमोग्लोबिन १५ असतां रक्ताचा सुमारें ४५ टक्के भाग पेशींचा असतो. तें १८ झालें कीं हा भाग ५४ टक्क्यांच्या आसपास जातो. उसाचा रस पन्हळीतून वाहतो तशी काकवी वाहत नाहीं, हें गुऱ्हाळ पाहिलेल्यास ठाऊक आहे. दाट रक्त ढकलतांना हृदयास श्रम पडतात आणि गांठ धरण्याचा संभव वाढतो. धुरानें रक्तवाहिन्या आधींच बिघडलेल्या असतात. त्यांत ही भर पडून हृदयविकार व पक्षाघात यांचें भय वाढतें.

विडी ही पानाची, देशी वस्तु, म्हणून सिगारेटपेक्षां सौम्य, असा एक समज आहे. तो निराधार आहे. टेंभुर्णीच्या पानांतून हवा नीट खेळत नाहीं. विडी विझूं नये म्हणून झुरके वरचेवर व जोरानें घ्यावे लागतात, आणि तंबाखू थोडी असूनही विषारी वायु कमी मिळत नाहीं. (निपाणीकडे विडीची तंबाखू पिकविणाऱ्या ज्या शेतकऱ्यांनीं १९८१ सालीं भावासाठीं आंदोलन केलें त्यांच्या कष्टांविषयीं आम्हांस आदरच आहे; पिकविणें निराळें व ओढणें निराळें.) दुसरा समज बोटास लावण्याच्या यंत्राविषयीं आहे. २०२० सालच्या करोनाच्या सांथीपासून तें घरोघर आलें. कार्बन मोनॉक्साइडनें अडविलेलें हिमोग्लोबिन व प्राणवायूनें भरलेलें हिमोग्लोबिन यांतला फरक या साध्या यंत्रास कळत नाहीं. तेव्हां यंत्रावर ९८ दिसलें तरी ओढणाऱ्यानें त्यावर विसंबूं नये.

उलट बाजूही ध्यानांत ठेवावी. ओढणाऱ्याचा आंकडा १३ च्या थोडा वर आला तरी पंडुरोग नाहींच असें ठरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं, धूम्रपान करणाऱ्याच्या आंकड्यांतून प्रमाणाप्रमाणें ०.३ ते ०.७ ग्रॅम वजा धरावे असें सांगितलें होतें.

आंकडा वाढण्याचीं कारणें दुसरींही आहेत: अंगांतील पाणी कमी होणें, फुप्फुसांचे जुने विकार, झोंपेंत श्वास अडणें, मूत्रपिंडाची गांठ, आणि मज्जेचा एक रोग, ज्यांत बहुतेकांच्या पेशींत जॅक-२ नांवाचा दोष असल्याचें २००५ सालीं आढळलें. निरोगी मनुष्याचा आंकडा बीट, खजूर वा गूळ खाऊन १८ वर जात नाहीं. म्हणून कागद घेऊन डॉक्टरकडे जावें व रोज किती विड्या होतात तें खरें सांगावें; पुष्कळ जण तेथें निम्मीच सांगतात. केवळ आंकडा उतरविण्यासाठीं आपल्या मनानें रक्तदान करणें अथवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणें योग्य नाहीं.

विडी सोडली कीं रक्तांतील हा वायु चार-पांच तासांत निम्मा होतो व एक-दोन दिवसांत बहुतेक निघून जातो. तांबडी पेशी मात्र सुमारें १२० दिवस जगते. म्हणून दोन-तीन महिन्यांनीं, त्याच प्रयोगशाळेंत, पुरेसें पाणी पिऊन पुन्हां परीक्षा करवावी. तोंपर्यंतही आंकडा उतरला नाहीं तर पुढील तपास टाळूं नये. संवय सुटत नसल्यास १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक विडीच्या पुड्यावरही छापलेला असतो.