ओतूरचा खटला आणि डिंभ्याचे पाणी

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८०च्या दशकात घरचे लग्न भटजींना न बोलावता लावले. वतनी हक्क बुडाला म्हणून गावच्या जोशांनी दक्षिणेसाठी दावा ठोकला. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि तिथे पाटलांची सरशी झाली. सत्यशोधक चळवळीच्या इतिहासात हा खटला आवर्जून सांगितला जातो. ख्रिस्ती समाजकार्य आणि मिशनविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीही आपल्या अभ्यासाची सुरुवात याच खटल्यापासून करावी, असे माझे मत आहे.

ओतूरला पाटील ज्या विचाराच्या बळावर उभे राहिले, त्याची एक वाट मिशनच्या शाळेतून आलेली होती. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. जुन्नरलाही १८४०च्या दशकापासून चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते. मिशनऱ्यांना हवे होते धर्मांतर. जोतीरावांचे मित्र बाबा पदमनजी यांनी बाप्तिस्मा घेतलाही. जोतीरावांनी घेतला नाही. देवापुढे माणसे सारखी, हे त्यांनी मनापासून स्वीकारले, त्या देवाला ‘निर्मिक’ म्हटले आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला.

तो समाज जुन्नर भागात खोल रुजला. ओतूरच्या भाऊ कोंडाजी डुंबरे पाटलांसारखे कार्यकर्ते त्याला मिळाले. इथल्या कुळांनी सावकार-जमीनदारांच्या अटींवर जमिनी कसायला नकार दिला, तेव्हा रानेच्या राने पडीक राहिली. लग्नाचा विधी, जमिनीचा खंड आणि सावकाराची वही या तिन्ही गोष्टी एकाच अन्यायाची रूपे आहेत, हे या शेतकऱ्यांना कोणत्याही पदवीशिवाय कळले होते.

मिशनच्या धर्मशिक्षणाला ते कळायला बराच काळ लागला. नगरच्या सेमिनरीत पाळक आणि उपदेशक तयार होत. बायबल, चर्चचा इतिहास आणि प्रवचनाची तयारी एवढाच त्या अभ्यासाचा गाभा होता. नारायण वामन टिळकांनी तिथे शिकवले. तेच टिळक १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. परदेशी पैशावर आणि परदेशी साच्यात वाढणारे ख्रिस्तीपण इथल्या मातीत मूळ धरणार नाही, ही त्यांची तळमळ होती. त्यांना पुढे फक्त दोन वर्षे मिळाली. १९१९ मध्ये ते गेले.

खरे वळण आले ते मुंबईत, नागपाड्याला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट १९२५ मध्ये आले आणि त्यांनी गिरणी-गोदीच्या वस्तीत नागपाडा नेबरहुड हाउस चालवले. वाचनालय, दवाखाना, खेळ, रात्रीचे वर्ग असे तिथले काम होते आणि दार सगळ्या धर्मांच्या लोकांना उघडे होते. चांगली इच्छा असणे वेगळे आणि हे काम जमणे वेगळे, त्यासाठी रीतसर उच्च शिक्षण हवे, हे त्यांना वस्तीतल्या रोजच्या कामातून उमगले. टाटा ट्रस्टच्या मदतीने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, ते नागपाड्यातच. पदवीधरांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वर्गाइतकेच महत्त्व वस्तीतल्या कामाला. पुढे हीच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. मिशनरी माणसाने काढलेली ही शाळा धर्मप्रसाराची नव्हती, हे मला मॅन्शर्ट यांचे सर्वांत मोठे काम वाटते.

त्या काळच्या मुंबईच्या कष्टकऱ्यांत आमच्या जुन्नर-आंबेगावची माणसे पुष्कळ होती. बाबू गेनू हा त्यांच्यातलाच एक, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणीकामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विदेशी कापडाचा ट्रक अडवताना तो त्याच्याखाली गेला. शहरातल्या समाजकार्याच्या अभ्यासाने ज्या माणसांना आपला विषय मानले, त्यांची गावे ही अशी घोड आणि कुकडी नद्यांच्या खोऱ्यांतली होती.

धर्मशास्त्राच्या वर्गात मात्र न्यायाचा प्रश्न ऐरणीवर यायला १९६०चे दशक उजाडावे लागले. १९५५ मध्ये कॅथलिकांची पेपल सेमिनरी श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्याला आली होती. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि चर्चने जगाकडे, विशेषतः गरिबांकडे, तोंड वळवले. पुण्यात जॉर्ज सोआरिस-प्रभू यांनी ते वर्गात आणले. येशू जेवायला कोणाच्या पंक्तीला बसला, हे जातीच्या देशात वाचताना काय अर्थ निघतो, हा त्यांच्या शिकवण्याचा सूर. सायकलवरून फिरणारा हा विद्वान १९९५ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर अपघातात गेला.

प्रोटेस्टंटांकडे हेच काम अरविंद निर्मल या मराठी माणसाने केले. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्र धर्मशास्त्राची मांडणी करणारे व्याख्यान दिले. त्यातून पुढे दलित धर्मशास्त्र उभे राहिले आणि देशभरच्या सेमिनरींत शिकवले जाऊ लागले. चर्चमध्ये बहुसंख्य दलित असताना धर्मशास्त्र मात्र वरच्या जातींच्या तत्त्वज्ञानाशीच संवाद करत बसले, हा त्यांचा आक्षेप होता. जोतीरावांनी जे शब्द शंभर वर्षे आधी गावोगाव नेले होते, ते आता धर्मशास्त्राच्या परीक्षेत आले. उशीर झाला, पण आले.

याच सुमारास काही ख्रिस्ती माणसे वर्गाबाहेरच्या कामातून शिकत होती. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या बायकांनाच आरोग्याचे काम शिकवले. नगरला फादर हर्मन बाखर पाणलोटाच्या कामात उतरले.

आता आंबेगावच्या पश्चिमेला यावे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की देवळाचे दगड दिसतात. पाणी कालव्याने पूर्वेकडच्या बागायतीला जाते. ज्यांच्या जमिनी गेल्या ते महादेव कोळी मात्र वर डोंगरउतारावर सरकले. त्यातच १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले आणि बाळहिरडा वेचण्यावरही वनखात्याची नजर आली.

इथे कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने लोकांच्या बरोबरीने जे केले ते कोणत्याही मिशनचे काम नव्हते. आदिवासींची पडकई त्यांनी पुढे नेली. पाऊस लागण्याआधी घरटी माणसे जमतात आणि आज याच्या, उद्या त्याच्या उतारावर काम करतात. दगड काढून ताल रचायची, वरची माती ओढून सपाट करायची, भाताचे खाचर तयार करायचे. या कामाला रोजगार हमीत जागा मिळवण्यासाठी सरकारदरबारी खेटे घालावे लागले. धरणाचे पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर गाळपेर करण्याचा आणि जलाशयातल्या मासेमारीचा हक्कही धरणग्रस्तांनी मागितला. २०१२ मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहताना माझे एक मत पक्के झाले आहे. मिशनच्या शाळांनी इथे अक्षरओळख आणि समतेची भाषा दिली, तिचे मोल कमी करू नये. पण न्याय म्हणजे काय, हे ओतूरच्या पाटलांनी, जुन्नरच्या कुळांनी आणि डिंभ्याच्या काठच्या आदिवासींनी शिकवले. अभ्यासक्रमात त्यांचे स्थान शिक्षकाचे असायला हवे. ‘क्षेत्र’ म्हणून त्यांच्याकडे चार आठवडे पाहून येणे पुरेसे नाही.

पुण्यातल्या सेमिनरींत आणि समाजकार्य महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. या खोऱ्यांत आलात तर किमान एक पावसाळा राहा, पडकईला हात लावा, आणि जो प्रबंध लिहाल तो मराठीत उतरवून ज्या गावाविषयी लिहिला त्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. तिथे कोणी चूक काढली, तर ती दुरुस्त करूनच विद्यापीठात द्या.