वेदीवरची मराठी, घरातली कादोडी

वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यातल्या नंदाखाल, वटार, निर्मळ, भुईगाव, गास या गावांत रविवारची मिस्सा संपता संपता धर्मगुरू घोषणा वाचतात. कोणाचे लग्न ठरले, कोण वारले, कोणासाठी प्रार्थना करायची, सभा किती वाजता. ही घोषणा स्वच्छ प्रमाण मराठीत असते. लोक बाहेर येतात आणि चर्चच्या पायऱ्यांवरच तीच बातमी कादोडीत, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत, सुरू होते. वेदीवरून वाचलेले असते ते फक्त नाव आणि आडनाव. पण गावात परेरा, लोपीस, डाबरे, तुस्कानो यांची घरे पुष्कळ आणि माणसांची नावेही तीच ती. मग हा कोणत्या आळीतला, कोणाचा नातू, आजीचे माहेर कुठले, हे जुळवले जाते आणि तेव्हा कुठे बातमी पुरी होते. आमच्या कुपारी समाजाचे बोलणे हे असे दोन थरांत चालते. एक थर चारचौघांतल्या मराठीचा, दुसरा घरातल्या आणि वाडीतल्या बोलीचा. हे दोन थर एकमेकांचे वैरी आहेत असे अनेकांना वाटते. माझे म्हणणे उलट आहे. या दोन थरांमुळेच समाज टिकला, आणि आज खरा धोका आहे तो बोली ज्या प्रसंगांवर जगते ते प्रसंगच नाहीसे होण्याचा.

यासाठी थोडे मागे जावे लागेल. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली, ती मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत त्यांच्याकडे होती. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे दरबार, कचेरी आणि चर्च यांवर पोर्तुगीज आणि लॅटिनची छाया होती. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानी भाषा शिकले, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषी झाले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. परक्या भाषा आत्मसात करणे वसईकराला नवे नाही. तरीही राज्य गेल्यावर मागे उरली ती आडनावे आणि काही शब्द. घरात पोर्तुगीज बोलणारा समाज उरला नाही. याचे कारण वाडीत सापडते. धर्मांतर झालेले सामवेदी, म्हणजेच आजचे कुपारी, आणि न झालेले सामवेदी ब्राह्मण एकाच पट्ट्यात राहिले. केळी आणि पानवेली तीच, विहिरीवरचे रहाट तसेच, बाजारही तोच. त्यामुळे आजही सामवेदी ब्राह्मण आणि ख्रिस्ती कुपारी यांची बोली मुळात एक आहे. धर्म बदलला, पण शेजार आणि काम बदलले नाही, म्हणून बोली टिकली. कोणत्याही अभिमानगीताने हे साधले नसते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, बोलीला खरे खाल्ले ते प्रमाण मराठीने, आणि ते चर्चच्या हातून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली आणि वसईच्या वेदीवर लॅटिनच्या जागी मराठी आली. कादोडी मात्र आली नाही. ही खंत मी समजू शकतो, पण निर्णय योग्य होता असेच मला वाटते. वसईचे ख्रिस्ती म्हणजे फक्त कुपारी नव्हेत. दक्षिणेकडे वाडवळ आहेत, किनाऱ्यावर कोळी आहेत, आणि प्रत्येकाची बोली निराळी. एकाची बोली वेदीवर बसवली असती तर बाकीचे पाहुणे ठरले असते. प्रमाण मराठीने सर्वांना एका ओट्यावर बसवले, शिवाय उरलेल्या महाराष्ट्राशी बोलण्याची सोय केली. ‘सुवार्ता’ मासिकाकडे पाहावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादन केले. चर्चचे मासिक असूनही त्याने साहित्य, समाज आणि पर्यावरण यांवर महाराष्ट्रभरच्या वाचकांशी संवाद ठेवला. नंदाखाल परिसरातले हेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यासाठी कोणाला घरात कादोडी सोडावी लागली नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: बोली जपणे म्हणजे जातीचे कुंपण जपणे. यात तथ्य आहे. दोन कुपारी कादोडीत बोलू लागले की तिसरा माणूस आपोआप बाहेर पडतो, आणि घरात सून दुसऱ्या समाजातली असेल तर ही गोष्ट तिला रोज जाणवते. पण कुंपण बोलीने उभे राहत नाही, ते माणसांच्या वागण्याने उभे राहते. परक्याला समोर बसवून आपसात बोलणे हा असभ्यपणा आहे आणि तो कोणत्याही भाषेत करता येतो. आलेल्या सुनेला बोली शिकवणारी घरेही आहेत. दोन थर असण्याचा उपयोग इथेच आहे: कोणी नवखा आला की मराठीवर यायचे.

मग धोका कुठे? २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. स्टेशनाजवळ हिंदी ऐकू येते, म्हणून बोली मरेल अशी भीती अनेकांना वाटते. मला ती खरी वाटत नाही. बाहेर दुसरी भाषा आणि घरात आपली, हे वसईने शतकानुशतके केले आहे. इंग्रजी शाळेलाही एकटीला दोष देता येत नाही, कारण शाळेची भाषा घरची कधीच नव्हती. घडले आहे ते वेगळे. बावखले, म्हणजे वाड्यांतली तळी, बुजली, वाड्या विकल्या गेल्या, आजोबांबरोबर पाटाचे पाणी वळवायला जाणारा नातू उरला नाही. वाफे, पाट, रहाट, केळीची बाग यांच्याशी बांधलेले शब्द ते काम थांबताच निराधार होतात. लग्नात बायका बोलीतली गाणी म्हणत, तिथे ध्वनिवर्धक आला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाला शाळेत सोपे जावे म्हणून आईबाप घरातच त्याच्याशी इंग्रजीत किंवा मराठीत बोलू लागले. वरच्या थराने खालच्याची जागा घेतली ती इथे, उंबऱ्याच्या आत, आणि ती आपण स्वतः दिली.

भ्रमणध्वनीने थोडी भरपाई केली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर निधनाची किंवा सभेची सूचना प्रमाण मराठीत टंकली जाते, पण मावशीचा आवाजी निरोप कादोडीत येतो. बोलीला ठरलेले लेखन नाही, म्हणून ती आवाजातच मोकळी होते. परदेशी गेलेल्या मुलांपर्यंत ती अशीच पोहोचते. मात्र निरोप ऐकून इंग्रजीत उत्तर देणारा मुलगा बोली समजतो, बोलत नाही, आणि त्याच्या मुलाला ती समजणारही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कादोडीला वेदीवर बसवा असे मी म्हणत नाही, शाळेत विषय म्हणून लावा असेही नाही. ज्यांच्या घरात अजून आजी-आजोबा आहेत, त्यांनी मुलांशी निदान जेवणाच्या वेळी बोलीतच बोलावे. आणि यंदाच्या लग्नसराईत ध्वनिवर्धक तासभर बंद ठेवून म्हाताऱ्या बायकांना गाणी म्हणू द्यावीत, ती ध्वनिमुद्रित करावीत आणि कोणते गाणे कोणत्या विधीचे हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. त्या बायका आज ऐंशीच्या घरात आहेत.