लायब्ररीतला स्कॅनर बदलताना

लायब्ररीतला आपणच चालवायचा स्कॅनर बदलणं म्हणजे नुसतं जुनं खोकं काढून नवं ठेवणं नव्हे. सपाट काचेवर पुस्तक पालथं दाबावं लागतं. बांधणी खिळखिळी होते आणि तरी शिवणीजवळच्या ओळी काळ्याच येतात. ओव्हरहेड स्कॅनरमध्ये कॅमेरा वर असतो, पुस्तक उताणं राहतं. त्याला व्ही आकाराचा पाळणा असेल तर पुस्तक पूर्ण उघडावंही लागत नाही.

आता थोडं गणित. ३०० डीपीआयला ए-फोर पान म्हणजे २४८० × ३५०८, सुमारे ८७ लाख पिक्सेल. दोन पानं एकदम घ्यायची तर १.७४ कोटी. कॅमेरा याहून कमी असला की सूत्रातले बारीक घातांक पुसट होतात.

म्हणून आधी पाळणा आणि पिक्सेल बघावेत, वेग नंतर. स्कॅनर पुन्हा घेता येतो, छपाई बंद झालेलं पुस्तक मात्र मिळत नाही!