यंत्राचे वाचन, आपले लेखन

‘भोर घाट भोर तालुक्यात आहे काय?’ असे भोरच्या शाळकरी मुलास विचारले तर तो हसेल. मुंबई-पुणे लोहमार्गावरील खंडाळ्याचा बोरघाट इंग्रजी कागदपत्रांत ‘भोर घाट’ झाला. भोरहून कोकणात उतरावयाचे तर वाट वरंधा घाटाची. परंतु ज्याने भोर पाहिलेले नाही, केवळ वाचलेले आहे, त्याने हा घाट भोरमध्ये नेऊन बसविला तर नवल नाही. वाचणाऱ्या संगणकाची स्थिती नेमकी हीच आहे.

संगणकास वाचनातून ज्ञान मिळविण्यास शिकविण्याचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये सुरू केला. त्याचे नाव ‘नेल’. त्याची रीत आपल्या उदाहरणाने समजून घेता येईल. राजगड व तोरणा हे किल्ले आहेत, एवढेच यंत्रास सांगावयाचे. ही नावे ‘च्या पायथ्याशी’ या शब्दांसह येतात हे ते हेरते आणि त्याच शब्दांसह येणारी इतर नावेही किल्ल्यांचीच मानते. त्यामुळे रोहिडा सापडतो; पण एखादा साधा डोंगरही यादीत शिरतो आणि त्याच्या आधारे पुढील चूक घडते. ‘नेल’ने संगणकातील ‘कुकी’ या नोंदी खाण्याच्या पदार्थांत जमा केल्या होत्या. अशा चुका अखेर माणसांनाच दुरुस्त कराव्या लागल्या.

कचेरीत काम केलेल्यांस हे नवे नाही. एका नोंदवहीतील चूक नकलेत उतरते, नकलेची पुन्हा नक्कल होते आणि पाच ठिकाणी दिसली म्हणजे तीच खरी ठरते. आजची भाषिक प्रारूपे पुढचा शब्द कोणता येईल हे अफाट मजकुरावरून शिकतात. त्यांची रीत निराळी असली तरी लिहिलेल्यावरचे अवलंबन तेच आहे.

आपला प्रश्न येथेच उभा राहतो. रायगडाविषयी विपुल लेखन आहे. त्यापूर्वीची राजधानी राजगड त्या मानाने उपेक्षित. रोमन लिपीत या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक. शिवाय वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. गड कोणता, तालुका कोणता, हे यंत्रास सांगणार कोण?

परक्या कंपन्यांच्या यंत्रांना आपण फुकट ज्ञान का पुरवावे, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. परंतु उद्या वेल्ह्याचा विद्यार्थी आपल्याच गावाविषयी त्या यंत्रास विचारणार आहे आणि चुकीचे उत्तर उत्तरपत्रिकेत उतरविणार आहे. नुकसान यंत्राचे नव्हे, त्याचे आहे.

भोरशेजारच्या वाईत बसून लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभारले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. मराठी विकिपीडिया २००३ पासून सर्वांस खुला आहे. भोर-वेल्ह्यातील प्रत्येक शाळेने आपल्या गावाची, ओढ्याची, जुन्या वाटांची माहिती जाणत्यांना विचारून, आधार व वर्ष नोंदवून लिहावी. यंत्र वाचो वा न वाचो, आपली मुले तरी ती वाचतील.