मातीचे मावळे, शिशाचे शिपाई

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो आणि दुसऱ्याच दिवशी कोल्हापुरातील पेठापेठांतून घमेली, फावडी आणि गोणपाटे बाहेर पडतात. विटांचे तुकडे आणि दगड यांचा ढीग रचायचा, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकायचे, बुरूज उभारायचे, गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढायचे, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरायची आणि वसुबारसेपर्यंत ती उगवते की नाही याची काळजी करीत बसायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. किल्ला उभा राहिला की गंगावेस, शाहूपुरी किंवा बापट कॅम्प येथील कुंभारांनी घडविलेली चित्रे आणायची. सिंहासनाधिष्ठित महाराज, भालदार-चोपदार, तुतारीवाला, तलवार उपसलेले मावळे आणि त्यांच्याच रांगेत गवळण, भाजीवाली, बंदूकधारी पोलीस व गुहेत बसविण्यासाठी घोड्याहून मोठा वाघ!

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. शिवनेरी, रायगड, राजगड यांच्याबरोबर आपला पन्हाळाही तीत आहे, आणि दूर तमिळनाडूतील जिंजीही आहे. खऱ्या किल्ल्यांना हा मान मिळाला, हे योग्यच झाले. परंतु ज्या खेळामुळे मराठी मुलाच्या मनात किल्ला या वस्तूची पहिली रुजवात होते, त्या खेळाकडे आणि त्यातील मातीच्या शिपायांकडे आपण गांभीर्याने पाहतो काय? दिवाळी सरली की किल्ला मोडतो. चित्रे खोक्यात घालून माळ्यावर जातात. पुढल्या वर्षी खोके उघडावे तो निम्म्या मावळ्यांच्या माना निखळलेल्या! मग त्या आगकाडीच्या तुकड्याने जोडायच्या, अगर नवी चित्रे आणायची. सहाशे मैलांवरचा किल्ला पाहण्यासाठी गाडीभाडे खर्च करणारा सुशिक्षित माणूसही या मावळ्यांना पोरखेळापलीकडे किंमत देत नाही.

युरोपात अशा लहान शिपायांची गोष्ट निराळी झाली. जर्मनीतील न्युरेंबर्ग येथील कारागीर अठराव्या शतकातच कथलाचे चपटे सैनिक ओतून रंगवीत व विकीत असत. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर सोंगट्या मांडून लढाई खेळण्याचे नियम प्रसिद्ध केले आणि तेथील सेनापतींनी ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारले. १८९३ मध्ये इंग्लंडात ब्रिटन या खेळणी बनविणाऱ्या घराण्याने आतून पोकळ असा शिशाचा सैनिक ओतण्याची युक्ती काढली. त्यामुळे शिसे कमी लागू लागले, किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय मुलांच्या हाती पलटणीच्या पलटणी आल्या. पुढे शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली आणि १९६६ मध्ये त्या कारखान्याने शिशाचे सैनिक करणे थांबविले. तोवर मात्र हा छंद मुलांच्या हातून प्रौढांच्या हाती गेलेला होता. शिक्षक, कारकून, निवृत्त अधिकारी असे लोक आज संध्याकाळी दिव्याखाली बसून बोटभर उंचीचे सैनिक रंगवितात, ग्रंथ चाळून अंगरख्याचा रंग ठरवितात आणि सुटीच्या दिवशी मेजावर डोंगर-नद्या मांडून, फूटपट्टीने अंतर मोजून, फासे टाकून जुन्या लढाया पुन्हा लढतात.

या मंडळींचा एक आवडता कालखंड आहे, तो म्हणजे युरोपीय प्रबोधनाचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतचा काळ ते ढोबळ मानाने त्यात धरतात. या आवडीचे कारण मौजेचे आहे. त्या काळी सैन्याला गणवेश नव्हता. भाडोत्री जर्मन शिपाई अस्तनी फाडून आतील रंगीत अस्तर बाहेर काढीत, एक पाय पिवळा तर दुसरा निळा असा वेश करीत. रंगविणाऱ्याला याहून अधिक काय हवे? शिवाय युद्धकला बदलत होती. लांब भाल्यांचे चौकोनी व्यूह आणि तोड्याच्या बंदुका एकाच रणांगणावर उभ्या होत्या. १५२५ मध्ये इटलीतील पाव्हियाच्या लढाईत बंदूकधारी पायदळाने फ्रान्सच्या सरदारांचे चिलखती घोडदळ मोडले आणि खुद्द फ्रान्सचा राजा कैद झाला. त्यानंतर अवघ्या चौदा महिन्यांनी पानिपतावर बाबराच्या तोफा-बंदुकांपुढे इब्राहिम लोदी पडला. युरोपातील छंदिष्टांच्या मेजावरचा काळ आपल्याला वाटतो तितका परका नाही.

किंबहुना तो कोल्हापूरच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचलेला होता. १५१० मध्ये अल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवे घेतले, तेव्हा पन्हाळा त्याच आदिलशाहीच्या मुलखात होता. घाट उतरले की युरोपीय छातीचिलखत घातलेला बंदूकवाला शिपाई दृष्टीस पडावा, अशी ही परिस्थिती. त्या संपर्काची खूण आपल्या भाषेत व शस्त्रागारांत राहिली आहे. सरळ पात्याच्या तलवारीला आपण ‘फिरंग’ म्हणतो, ते तिचे पाते फिरंग्यांच्या देशातून येई म्हणूनच. १८७५-७६ मधील हिंदुस्थान भेटीत वेल्सच्या राजपुत्राला कोल्हापूरच्या महाराजांकडून जी तलवार देण्यात आली, जी शिवछत्रपतींची ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाते आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, तिचे पाते युरोपीय घडणीचे आणि मूठ आपल्याकडची आहे. प्रबोधनकालीन युरोपचे पोलाद आणि दख्खनचा हात यांची अशी सांगड त्या काळात सर्रास पडत होती. तेव्हा मेजावर सतराव्या शतकातील स्पॅनिश शिपाई ज्या हक्काने उभा राहतो, त्याच हक्काने शिवकालीन पाईकही त्याच्या शेजारी उभा राहू शकतो.

प्रश्न असा की, तो पाईक कसा दिसत होता? आपल्या किल्ल्यावरचा मावळा एकाच साच्यातून निघतो. दोन अर्ध्या साच्यांत माती दाबायची, जोड लिंपायचा, सुकवायचे, आणि मग सर्वांना एकच पागोटे, एकच अंगरखा, एकाच रंगाचा कमरबंद. हे रूप आपल्या डोळ्यांत ठसले ते बखरींनी नव्हे, तर दिनदर्शिकांवरील चित्रांनी आणि याच शहरात निर्माण झालेल्या चित्रपटांनी. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा. त्यानंतर भालजी पेंढारकरांनी तर शिवकाळ पडद्यावर आणणे हे आयुष्याचे व्रतच मानले. त्या चित्रपटांचे ऋण मोठे आहे, पण कपडेपटात एकाच ठाणातून शिवलेले दोनशे अंगरखे हा इतिहासाचा पुरावा होऊ शकत नाही. सर्वांना एकसारखा पोशाख ही नंतरच्या कवायती पलटणींची कल्पना. शिवकाळातील पायदळ ज्याच्या त्याच्या घरच्या कपड्यांत लढे. मनुचीसाठी मीर मुहम्मद या चित्रकाराने १६८६ पूर्वी काढलेले, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेले महाराजांचे अश्वारूढ चित्र प्रसिद्ध आहे. त्यात भोवती चालणारे पायदळही आहे. आपल्या मूर्तिकारांनी मुख्य आकृतीइतकेच त्या पायदळाकडेही टक लावून पाहावे.

‘मावळा’ या एका शब्दानेही आपली थोडी फसगत केली आहे. सैन्यात मावळातले लोक होते, तसेच बंदुकीच्या नेमबाजीसाठी नावाजलेले तळकोकणचे हेटकरी होते, आरमारावर कोळी-भंडारी होते. आरंभीच्या काळात पायदळाचा सरनोबत नूर बेग होता, तर आरमारावर दौलतखान होता. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजीस बसून जी बखर लिहिली, तीत या लष्कराची घडण नोंदलेली आहे. नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी पायरी तर आहेच, पण घोडदळातील दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असावा, हा तपशील मला विशेष मोलाचा वाटतो. पाणी आणि नाल यांवाचून घोडदळ दोन मुक्कामही जात नाही, हे ज्याला कळले त्याला लष्कर कळले. आपल्या किल्ल्यावर पोलीस असतो, क्रिकेट खेळणारा गडी असतो, पण पखाल खांद्यावर टाकलेला तो माणूस कधी दिसतो काय?

आता मेजावरची लढाई घेऊ. १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडलेला होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ घेऊन त्याच्या मदतीला आले, आणि पुढल्या वर्षी राजापुरावर छापा घालून महाराजांनी त्याचा हिशेब चुकता केला. जुलैतल्या त्या पावसाळी रात्री महाराज निवडक लोकांनिशी निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी पाठलाग रोखून धरला. हा प्रसंग वर्गात सांगताना आपण स्वामिनिष्ठेवर थांबतो. तो मातीच्या डोंगरावर मांडून पाहा. खिंड चार सैनिकांच्या रुंदीची केली की पाठलाग करणाऱ्यांची संख्या हजारांत असली तरी एका वेळी चारच जण लढू शकतात, हे पाचवीतल्या मुलालाही दिसते. त्यात आषाढाचा पाऊस. तोडा विझला, दारू भिजली की बंदूक ही नुसती काठी. मग ढाल, तलवार आणि विटा यांना त्या दिवशी एवढे मोल का आले, हे वेगळे शिकवावे लागत नाही. कोंडाजी फर्जंदाने १६७३ मध्ये साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. त्या विजयावर जयराम पिंड्ये यांनी ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. येथे तर हिशेबही सोपा, एका माणसाला एक चित्र याप्रमाणे साठ चित्रांत अवघा छापा उभा राहतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मुलांना युद्धाची गोडी लावू नये. एच. जी. वेल्स हा लेखक युद्धखोर नव्हता. १९१३ साली त्याने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले आणि त्यातच, असा खेळ खेळून पाहिला म्हणजे खरे युद्ध किती ढिसाळ आणि महागडे प्रकरण असेल हे कळते, असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी युरोपने त्याचे न ऐकता महायुद्ध पेटविले, हा त्या खेळाचा दोष नव्हे. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. महाराजांना फाशाच्या दानावर हरवायचे काय? या आक्षेपाची थट्टा करणे मला योग्य वाटत नाही. आपल्या मुलांनी त्याचे उत्तर न शिकवता शोधून ठेवलेले आहे. महाराज सर्वांत उंच बुरुजावर सिंहासनावर बसतात आणि तेथून हलत नाहीत, पळापळ असते ती खालच्या पायऱ्यांवर. मेजावरही तोच दंडक ठेवावा. घोडखिंडीच्या खेळात महाराजांची मूर्ती विशाळगडावर असावी, आणि फासे पडावेत ते खिंडीतल्यांसाठी.

खरी अडचण कुंभाराची आहे. गणपतीचा हंगाम संपून दिवाळी उजाडेपर्यंत हाती असतात ते थोडेसे आठवडे. तेवढ्यात माती मळणे, साचे भरणे, सुकविणे, रंगविणे. रंगकामाला बहुधा घरातल्या बायकामुलांचे हात लागतात. गिऱ्हाईक घासाघीस करते ती रुपया-दोन रुपयांसाठी. अशा भावात डोळ्यांची बुबुळे जागेवर बसतात, हेच नवल. प्लॅस्टरच्या साच्यातला मावळा लवकर निघतो, स्वस्त पडतो, म्हणून तोही आला, आणि आता तर अख्खा किल्लाच तयार मिळतो. बंद सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाने तो घेतला तर त्याला बोल कसा लावावा? अंगण गेले, माती गेली. मात्र त्या तयार किल्ल्यात मुलाने करण्याजोगे काही शिल्लक राहत नाही.

त्यापेक्षा कुंभाराने न रंगविलेला, नुसता भाजलेला मावळा विकावा आणि गिऱ्हाइकाने तो घरी रंगवावा. युरोपातील छंदाची सारी अर्थव्यवस्था याच एका गोष्टीवर उभी आहे. तेथे कारखाना रंग न दिलेला सैनिक विकतो आणि रंगविण्यातला आनंद विकत घेणाऱ्याकडे जातो. कुंभाराचे रंगकामाचे दिवस वाचतील, त्या दिवसांत तो एखादा नवा साचा करू शकेल, मग तो पखालजीचा असो, हेटकऱ्याचा असो की नालबंदाचा. चित्रकलेच्या शिक्षकांनी दिवाळीच्या सुटीआधीचा एक तास यासाठी द्यावा. आधी चुन्याचा पातळ हात, मग अंगाचा रंग, मग घडीघडीत बसेल असा पातळ काळसर पाण्याचा हात, आणि सुकल्यावर उंचवट्यांवर मूळ रंगाची फिकट छटा. एवढ्यावर बोटभर मातीला चेहरा येतो. आबालाल रहिमानांच्या आणि बाबूराव पेंटरांच्या गावात एवढे जमू नये असे नाही. पागोटे कोणत्या रंगाचे करायचे, हे मात्र प्रत्येक मुलाला वेगळे ठरवू द्यावे.