आधी रस्ता, मग चाक

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत मान दोन. पुण्यात पहिला पोहोचणाऱ्याचा एक आणि बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याचा दुसरा. या दुसऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात आणि शर्यत तोच जिंकेल असं नाही. रस्ता एकच, पण त्याचे तुकडे तीन. खोपोलीपर्यंत बरीचशी सपाटी, तिथून खंडाळ्यापर्यंत अंगावर येणारा चढ आणि लोणावळ्यानंतर चढउतार घेत पुण्याकडे उतरत जाणारा वेगाचा रस्ता. पहिल्या तुकड्यात सायकलस्वार हवेशी झुंजतो, दुसऱ्यात वजनाशी, तिसऱ्यात पुन्हा हवेशी. डांबर, काँक्रीटचे सांधे आणि खड्डे मात्र तिन्हीकडे असतात. या सगळ्यांना सारखंच उत्तम असं चाक कुठल्याही कारखान्यात बनत नाही.

तरी रोडबाइकला नवी चाकं घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरताच विचारतो, “वजन किती?” दुसरा प्रश्न असतो, “कार्बन आहे ना?” हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांचा नंबर चौथा-पाचवा आहे. त्याआधी कोणते प्रश्न यायला हवेत, तेच या लेखात पाहू.

ग्रॅम आणि सेकंद

सुरुवात वजनापासूनच करू, कारण सगळ्यांचं लक्ष तिथेच असतं. पुणेकर सायकलस्वारांची कसोटी म्हणजे सिंहगड. गोळेवाडीपासून गडाच्या वाहनतळापर्यंत नऊ-दहा किलोमीटरांचा घाट आहे आणि उंची सुमारे ६०० मीटर वाढते. स्वार ७० किलोचा, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून १० किलो, म्हणजे एकूण भार ८० किलो. असा स्वार सातत्याने २०० वॉटची ताकद लावत राहिला, तर त्याला वर पोहोचायला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागेल.

आता सायकलसोबत आलेली १९०० ग्रॅमची अॅल्युमिनियमची जोडी काढून १४०० ग्रॅमची कार्बनची जोडी बसवली असं समजा. ८० किलोंत अर्धा किलो म्हणजे जेमतेम ०.६ टक्के. पाऊण तासात त्याचे होतात पंधरा-सोळा सेकंद. बाटलीतलं अर्धा लिटर पाणी पायथ्याशी ओतून दिलं, तरी वेळ तेवढाच वाचतो.

यावर एक हुकमी उत्तर येतं: फिरणारं वजन दुप्पट धरायचं असतं. हे खरं आहे, पण फक्त वेग वाढवताना. रिमच्या कडेला असलेल्या वजनाला पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून स्प्रिंटमध्ये ते दुपटीने जाणवतं. घाटात एका लयीत चढताना वेग जवळपास स्थिर असतो. तिथे रिममधला अर्धा किलो आणि खिशातला अर्धा किलो यांत फरक नाही. ‘घाटाचा राजा’ व्हायचं असेल तर पंधरा सेकंद फार मोलाचे आहेत. रविवारी सकाळी गडावर जाऊन पिठलं-भाकरी खाणाऱ्याला ते कळणारही नाहीत.

हवेचा हिशेब

सपाटीवर मामला बदलतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. त्यात चाकाची गंमत वेगळीच. सायकल ताशी ३० किलोमीटरने चालली असेल, तर चाकाचा वरचा भाग ताशी ६० ने हवा कापत पुढे जात असतो. म्हणून स्पोकांची संख्या, त्यांचा आकार आणि रिमची खोली यांना महत्त्व येतं. इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने जानेवारी १९८४मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम मोडला तो स्पोक पूर्ण झाकलेल्या बंद चाकांवर. एडी मर्क्सचा १९७२चा ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम त्याने आधी ५०.८०८ आणि चारच दिवसांनी ५१.१५१ किलोमीटरवर नेला.

आज दुकानांत दिसणाऱ्या रिम साधारण २५ ते ८० मिलिमीटर खोलीच्या असतात. पस्तिशीच्या आतल्या उथळ, ४० ते ५० मध्यम आणि ६० च्या पुढच्या खोल. उथळ चाकांऐवजी ५० मिमीची चाकं लावल्यावर ताशी ४० किलोमीटरला १० वॉट वाचतात असं धरू. घनाच्या हिशेबाने ताशी २५ ला ही बचत अडीच वॉटवर येते. म्हणजे हळू चालवणाऱ्याला खोल रिमचा उपयोगच नाही का? तसंही नाही. तो रस्त्यावर जास्त वेळ असतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरात त्याचेही काही सेकंद वाचतात. पण पायांना त्याचा फरक जाणवत नाही आणि खर्च केलेल्या पैशांच्या मानाने हाती फार थोडं लागतं.

शिवाय वारा समोरूनच येईल असं कुठे आहे? बाजूने आला की खोल रिम शिडासारखी वागते आणि पुढचं चाक हँडल ओढू लागतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे, कोकणच्या किनारी रस्त्यावर किंवा महामार्गावर शेजारून ट्रक सुसाट निघून जातो तेव्हा, ६० मिमीच्या रिमवरचा ५५ किलोचा स्वार लेनभर सरकू शकतो. हलक्या स्वाराने पुढे उथळ आणि मागे खोल अशी जोडी लावावी. मागच्या चाकावर भारही जास्त असतो आणि ते हँडलला जोडलेलं नसतं, त्यामुळे वाऱ्याचा झटका तिथे निभावून जातो. हवाईतल्या कोना इथल्या आयर्नमॅन स्पर्धेत वाऱ्यापायी बंद चाकाला बंदी असते. यूसीआय या जागतिक संघटनेनेही एकत्र सुटणाऱ्या रस्त्यावरच्या शर्यतींसाठी रिमच्या खोलीवर २०२६पासून ६५ मिमीची मर्यादा घातली आहे.

खरी कमाई टायरमध्ये

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी पाहिलं जातं ती पाहू. टायर, त्यातला दाब आणि रिमची आतली रुंदी.

पूर्वी रोडबाइकला २३ मिमीचे टायर असत आणि त्यांत ११० ते १२० पीएसआय हवा ठोसून भरली जाई. दगडासारखा टायर वेगवान, असा समज होता. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर तो बऱ्याच अंशी खराही आहे. खडबडीत डांबरावर मात्र असा टायर प्रत्येक खडीवर उडतो, तो धक्का सायकल आणि शरीर शोषतं आणि पुढे जायला लावलेली ताकद हादऱ्यांत जिरते. दाब कमी केला की टायर खडीवरून दबून जातो. त्याच दाबाला रुंद टायरचा रस्त्यावरचा ठसा आखूड आणि रुंद होतो, टायर कमी वाकतो आणि कमी ऊर्जा गिळतो. म्हणूनच व्यावसायिक शर्यतींतही २८ मिमी नेहमीचे झाले आहेत आणि त्याहून रुंद टायरही सर्रास दिसतात.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. पंक्चर टाळण्यासाठी बनवलेला जाड टायर आणि चांगल्या प्रतीचा मऊ टायर यांत जोडीमागे दहा वॉटहून अधिक फरक सहज पडतो. हवेची बचत वेग कमी झाला की झपाट्याने आटते. टायरची बचत मात्र वेगाच्याच प्रमाणात कमी होते. ताशी २४-२५ ने चालवणाऱ्यासाठी काही हजारांचे टायर लाखाच्या चाकांपेक्षा जास्त काम करतात.

म्हणून नवी चाकं बघताना आधी रिमची आतली रुंदी विचारा. जुन्या रिम १५ ते १७ मिमीच्या असत, आता २१ ते २५ मिमीच्या मिळतात. रुंद रिमवर टायर फुग्यासारखा न फुगता ताठ बसतो, वळणावर डळमळत नाही आणि २८ चा टायर मोजला तर २९-३० भरतो. त्यामुळे फ्रेम आणि फोर्कमध्ये तेवढी जागा आहे ना, हे घरीच मोजून घ्यावं. रिम-ब्रेकच्या बऱ्याच जुन्या सायकलींत २५ किंवा २८ च्या पुढे टायर जातच नाही. खोल रिम घेणार असाल तर आणखी एक नियम: रिमची बाहेरची रुंदी टायरच्या मोजलेल्या रुंदीपेक्षा सुमारे पाच टक्के जास्त हवी. नाहीतर रिमवरून हवा नीट वाहत नाही आणि खोलीचे पैसे वाया जातात.

हुकचा प्रश्न

रिमच्या कडेला आतून टायरला पकडणारी बारीक ओठासारखी घडी असते, तिला हुक म्हणतात. अलीकडे अनेक कार्बन रिम हुकविना बनतात. त्या बनवायला सोप्या आणि थोड्या हलक्या, पण त्यांच्या अटी कडक आहेत. त्यांना मान्यता असलेलाच ट्यूबलेस टायर लागतो, टायरची किमान रुंदी पाळावी लागते आणि दाब ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर न्यायचा नसतो. फेब्रुवारी २०२४मध्ये यूएई टूरमध्ये बेल्जियमच्या थॉमस डे गेंटचा टायर अशा रिमवरून सुटला, तो पडला आणि या रिमच्या सुरक्षेवर जगभर वाद पेटला.

आपल्यापुरता अर्थ साधा आहे. ९० किलोच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये ७२ पीएसआय कमी पडतात आणि खड्ड्यात रिम आपटते. त्याने हुकवाली रिम घ्यावी किंवा सरळ ३०-३२ च्या टायरवर जावं. ट्यूबलेस घेणाऱ्यांनी आपल्या उन्हाळ्याचाही विचार करावा. आतलं सीलंट लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासून भरावं लागतं. एवढी उठाठेव नको असेल तर चांगली ट्यूब आणि सुटी ट्यूब हा पर्याय आजही मुळीच कमीपणाचा नाही.

उतार आणि पावसाळा

चढलेला घाट उतरावाही लागतो. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना रिम-ब्रेकवर सतत दाबलेली बोटं रिम तापवतात. अॅल्युमिनियम ती उष्णता भराभर बाहेर टाकतं. कार्बनमध्ये ती साचते, त्यातला राळेचा भाग मऊ पडून रिम बिघडू शकते, आणि पावसात कार्बनवर रबर उशिरा पकडतं. तेव्हा सायकलला रिम-ब्रेक असतील आणि आंबोलीसारख्या पावसाच्या घाटात जायचं असेल, तर अॅल्युमिनियमच बरं. त्यातही पावसाळी चिखलातली रेती रिमची भिंत झिजवते. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा ठिपका असतो. तो नाहीसा झाला की रिम निवृत्त करायची. डिस्क-ब्रेकमध्ये ही चिंताच नाही, कारण रिमला ब्रेकचं काम उरत नाही.

पावसाळ्याचा दुसरा मार बेअरिंगला बसतो. महागडी सिरॅमिक बेअरिंग चिखलात फार काही कमावून देत नाहीत. स्टीलची, चांगल्या सीलची आणि गावातल्या मेकॅनिकला बदलता येतील अशी बेअरिंग असणं जास्त मोलाचं.

स्पोक तुटला तर

बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सफरी, चालवणाऱ्यांसाठी स्पोक तुटण्याचा मुद्दा सर्वांत वर आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास, आणि बाहेरची मदत घ्यायची ती नेमलेल्या नियंत्रणस्थानांवरच. २० स्पोकांच्या चाकातला एक मध्यरात्री तुटला तर चाक इतकं हेलकावतं की ब्रेकला किंवा फ्रेमला घासू लागतं. ३२ च्या चाकात तोच प्रसंग निपल फिरवून, आऊट काढून निभावता येतो. म्हणून लांब पल्ल्याला २८ ते ३२ स्पोक, वाकड्या मानेचे, कुठेही मिळणारे. उथळ किंवा मध्यम रिम. आणि २८ ते ३२ चे टायर. रात्री खूप चालवणारे पुढच्या हबमध्ये डायनॅमोही बसवून घेतात. थोडी ताकद जाते, पण दिव्याच्या बॅटरीची काळजी मिटते.

रॅमसारख्या स्पर्धेचं गणित निराळं. अमेरिका आडवी ओलांडणारी ही सुमारे ४८०० किलोमीटरची स्पर्धा नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये दोघांच्या गटात पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७मध्ये ती एकट्याने पार केली. तिथे मागे गाडी असते, मदतनीस असतात, प्रदेश बदलला की चाकही बदलता येतं. बीआरएमवाल्याला ज्या चाकांवर निघाला त्यांच्यावरच घरी यायचं असतं. हातातली मदत जितकी कमी, तितकं चाक साधं हवं.

कुणी काय घ्यावं

घाट हेच वेड असेल, तर ३० ते ३५ मिमीची हलकी जोडी आणि डिस्क-ब्रेक असतील तरच कार्बन. सोलापूर-सांगलीकडच्या मोकळ्या रस्त्यांवर गटाने ताशी ३५ च्या वर पळत असाल, तर ४५-५० मिमी. पणजीच्या मिरामारवरून सुटणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ गोवासारख्या ट्रायथलॉनसाठी ५० ते ६०, मात्र समुद्राच्या वाऱ्यात आधी सराव करूनच. पुणे ते गोवा अशी सुमारे साडेसहाशे किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर असो किंवा बीआरएम, तिथे मजबुती पहिली. आणि रोज ऑफिस, रविवारी घाट, वर्षातून एक लांब सहल असा संसार असेल, तर आत २१ मिमी रुंद, हुकवाली, २४ ते २८ स्पोकांची अॅल्युमिनियमची जोडी सगळं निभावून नेते.

पैसे देण्याआधी चार गोष्टी तपासा: आपल्या फ्रेमचा अॅक्सल थ्रू आहे की क्विक रिलीज, फ्रीहब कॅसेटला जुळतो का, स्वाराच्या वजनाची मर्यादा किती आणि या चाकाचे सुटे स्पोक कुठे मिळतील. पुढचे, मागचे डावे आणि मागचे उजवे स्पोक बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात. प्रत्येकी दोन-दोन चाकांसोबतच विकत घ्या, कारण दोन वर्षांनी ते मॉडेल बंद झालेलं असू शकतं.

हे सगळं करण्याआधी एक प्रयोग घरच्या घरी होतो. ७० किलोच्या आसपासच्या स्वाराने हुकवाल्या रिमवरच्या २८ च्या टायरमध्ये मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय भरून नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारावी. मग प्रत्येक वेळी तीन-चार पीएसआय कमी करत जावं आणि रिम आपटण्याची भीती वाटू लागली की थोडं मागे यावं. जो आकडा हाती येईल तो पंपाच्या दांड्यावर लिहून ठेवावा. पुष्कळांना त्यानंतर कळतं की चाकं ठीकच होती, हवा जास्त होती. तरीही नवी जोडी घेतलीच, तर जुनी विकू नका. तिला पावसाळी टायर चढवा आणि जून ते सप्टेंबर तीच चालवा.